पट्टी उतरवणाऱ्यांना बघायला जा: खान्देशातल्या रॉक ऐकणाऱ्यांना खुलं पत्र

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार आणि आसपासच्या गावांतल्या रॉक ऐकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

एखादा जुना बँड पुन्हा एकत्र येतोय आणि मुंबईत शो लावतोय, अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. काहीजण म्हणतात, म्हातारे झाले, आवाज गेला, पैसे पाण्यात जातील. बाकीचे काही न बघता तिकीट काढून मोकळे होतात, कारण कॉलेजात ज्यांच्या कॅसेटी झिजवल्या ती माणसं डोळ्यांना दिसणार. आम्ही साउंड सिस्टीम, गिटार, कीबोर्ड, ड्रम्स यांचं काम करणारी माणसं आहोत आणि हे दोन्ही निर्णय आम्हाला घाईचे वाटतात. नुसत्या वयावरून काहीच ठरत नाही. त्या बँडने आपलं वय मान्य करून गाणी नव्याने बसवली आहेत का, यावर सगळं ठरतं. ज्यांनी पट्टी उतरवली, म्हणजे गाणं मूळपेक्षा खालच्या सुरात घेतलं, लय सांभाळली आणि मंचावर खरोखर वाजवलं, तो सत्तरीतला बँडही सव्वाचारशे किलोमीटर जाऊन ऐकावा असा असतो. ज्यांनी पट्टी तीच ठेवली आणि वरचे सूर रेकॉर्डिंगमधून सोडले, त्यांचा पास फुकट मिळाला तरी घरी बसा. यातला फरक तिकीट काढण्याआधी घरबसल्या ओळखता येतो. तो कसा ओळखायचा, तेच सांगायचं आहे.

आधी आवाजाचं बघू. वय वाढलं की स्वरतंतू पातळ होतात, स्वरयंत्रातली कूर्चा कडक होते, तंतू पूर्ण मिटत नाहीत आणि मधून हवा गळते. छातीत हवाही पूर्वीइतकी मावत नाही. परिणाम सगळ्या सूरांवर सारखा होत नाही. तार सप्तकातले सूर आधी जातात, मधले आणि खालचे बराच काळ टिकतात. रॉकमधली अडचण अशी की बहुतेक गाजलेली गाणी गायकाने पंचविशीत, गळा ताणून, आपल्या मर्यादेच्या अगदी टोकावर गायलेली असतात. त्यातही वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांनी गळ्याची झीज होते ती वेगळीच. बॉन जोव्ही बँडचा गायक जॉन बॉन जोव्ही याला २०२२ मध्ये स्वरतंतूची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर याच्या स्वरयंत्राला सप्टेंबर २०२३ मध्ये शोदरम्यान इजा झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवत असल्याचं जाहीर केलं. ही माणसं आळशी नव्हती. शरीराचं गणित आहे ते.

यावरचा प्रामाणिक उपाय एकच, पट्टी उतरवणं. यात कमीपणा काय आहे? जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव ऐकणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. ख्यालगायक साठी ओलांडल्यावर खालच्या पट्टीत गायला तर आपण उठून जात नाही, उलट तो मंद्रात काय करतो ते कान देऊन ऐकतो. मग रॉकवाल्याकडूनच विशीतल्या पट्टीचा हट्ट कशाला?

मात्र रॉकमध्ये पट्टी उतरवणं हार्मोनियमवर एक पट्टी डावीकडे सरकण्याइतकं सोपं नसतं. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो, पण गिटारवर मोकळ्या तारांवर बसवलेली धून असते, ती बोटं सरकवून तशीच वाजत नाही. म्हणून अख्खी गिटार खाली लावावी लागते. गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार मुळात हार्मोनियमच्या पांढरी तीनला लागते. अर्धा सूर उतरवली की काळी दोन होते, पूर्ण सूर उतरवली की पांढरी दोन. अर्धा सूर उतरवला की तारेचा ताण साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण सूर उतरवला की जवळपास एकवीस टक्क्यांनी. सैल तार बोटाखाली वळते, जोरात छेडली की सूर क्षणभर वर जातो, आणि बेसची जाड तार तर थडथड करायला लागते. म्हणून जाणते वादक जाडी वाढवतात. पहिली तार दहाची (इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी) असेल तर अकराची घेतात, त्याने पूर्ण सुराचा सैलपणा जवळपास भरून निघतो. नवीन जाडीला गिटारची मान आणि ब्रिज (तारा टेकतात तो भाग) पुन्हा जुळवावे लागतात, नाहीतर वरच्या पडद्यांवर सूर लागत नाहीत. हे सगळं केलेलं असेल तर गाणं खाली येऊनही घट्ट वाजतं, उलट जास्त वजनदार वाटतं. केलेलं नसेल तर सगळं ढिलं आणि गढूळ ऐकू येतं, आणि लोक दोष वयाला देतात. एक सांभाळा. गन्स एन रोझेसने सुरुवातीच्या रेकॉर्डही अर्धा सूर खाली लावूनच केल्या होत्या आणि मेटॅलिका नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मंचावर तसंच लावते. तेव्हा गिटार काळी दोनला दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, तुलना त्याच गाण्याच्या मूळ रेकॉर्डशी करा.

ती तुलना अशी करायची. बँडने स्वतः टाकलेले व्हिडिओ बाजूला ठेवा, त्यात नंतर स्टुडिओत दुरुस्ती झालेली असू शकते. प्रेक्षकांनी मोबाइलवर काढलेले, चालू दौऱ्यातले, गेल्या दोन-तीन आठवड्यांतले व्हिडिओ शोधा. एकाच गाण्याचे दोन वेगवेगळ्या शहरांतले घ्या. हार्मोनियम किंवा मोबाइलवरचं ट्यूनर घेऊन मूळ गाण्याचा षड्ज शोधा, मग व्हिडिओतला. व्हिडिओ कोणी वेग बदलून टाकलेला असू शकतो, म्हणून मध्ये गायक बोलतो तिथे आवाज नैसर्गिक वाटतो का ते बघा. षड्ज अर्धा किंवा एक सूर खाली सापडला तर आनंद माना, हा बँड तयारी करून आलाय. दोन सूर खाली गेला असेल तर गिटारचा पोत बदललेला असणार, तो तुम्हाला आवडतो का ते कानाने ठरवा. पट्टी मूळचीच असेल आणि गायक सत्तरीकडे झुकलेला असेल, तर मात्र कान टवकारा.

अशा वेळी ध्रुवपद नीट ऐकायचं. दोन शहरांतले व्हिडिओ मागेपुढे लावा. वरच्या सुराची लांबी, श्वास घेण्याची जागा, शेवटचा कंप दोन्हीकडे तंतोतंत सारखा असेल, तर तो आवाज रेकॉर्डमधून येतोय. जिवंत गळा दोन रात्री एकसारखा कधीच गात नाही. दुसरी खूण माइकची. गायक माइक तोंडापासून दूर नेतो, बाजूला झुकवतो आणि आवाजात फरक पडत नाही. तिसरी खूण उलट्या बाजूची आहे आणि ती चांगली: वरच्या ओळीला गायक माइक प्रेक्षकांकडे फिरवतो, किंवा ती ओळ मागची कोरसवाली मंडळी उचलतात, किंवा तो ओळीची चालच बदलून खालून नेतो. लोक याला पळवाट म्हणतात. आम्ही म्हणतो, हा माणूस खरं गातोय म्हणून त्याला हे करावं लागतंय. ड्रमरच्या कानात हेडफोन दिसला म्हणून मात्र लगेच फसवणूक समजू नका. पडद्यावरची दृश्यं आणि लाइट गाण्याशी जुळवायला मोठ्या शोमध्ये ठोका कानात द्यावाच लागतो. सिंथेसायझरचा एखादा थर ट्रॅकवरून आला तर चालतं. मुख्य गळा आला तर चालत नाही, आमची रेघ तिथे आहे.

आता लयीचं. गायकावर सगळ्यांचं लक्ष असतं, पण जुना बँड बसतो किंवा उठतो तो ड्रमर आणि बेसवर. सत्तरीत मनगट आणि घोटा दोन्ही दमतात. आधी लय उतरते, मग स्नेअरचा फटका हलका होतो, मग तुकड्यांमधले बारीक ठोके गळतात. मोबाइलवर टॅप टेम्पोचं साधं ॲप असतं, ठोक्याबरोबर बोट आपटलं की मिनिटाला किती ठोके ते दाखवतं. मूळ गाणं १२० चं असेल आणि मंचावर ११६ ने वाजत असेल तर ऐकणाऱ्याला फारसं जाणवत नाही. ११० च्या खाली गेलं की गाणं ओढल्यासारखं वाटतं. शोच्या सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दोन्ही मोजा. शेवटी लय जास्त पडत असेल तर बँडने शो आपल्या दमापेक्षा लांब ठेवलाय.

ड्रमरची जागा कोणी घेतली हे इतिहासातही निर्णायक ठरलंय. लेड झेपलिन १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनात एकाच रात्रीसाठी एकत्र आले. मूळ ड्रमर जॉन बॉनम १९८० मध्ये गेला होता, त्याच्या जागी त्याचा मुलगा जेसन बसला. गिटारवाला पेज ६३, बेसवाला जोन्स ६१, गायक प्लांट ५९ वर्षांचा. काही गाणी मूळ पट्टीच्या खाली लावली, तालीम आठवड्यांच्या हिशेबाने केली आणि ती रात्र आजही पुनर्मीलनाचा नमुना म्हणून दाखवली जाते. तिकिटांसाठी दोन कोटी लोकांनी नाव नोंदवल्याचं सांगतात. त्यानंतर दौरा मागत जगाने जीव टाकला, तो झाला नाही. आमच्या मते तो न होणंही त्या रात्रीच्या दर्जाचाच भाग आहे.

तालीम कमी पडली की काय होतं त्याचं उदाहरणही तितकंच मोठ्या बँडचं आहे. द पोलीस २००७ मध्ये परत आले, मे महिन्यात व्हँकुव्हरला दौरा सुरू झाला. दुसऱ्याच शोनंतर ड्रमर स्टुअर्ट कोपलँडने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीरपणे लिहिलं की आज आम्ही फारच वाईट वाजवलं, कोण कुठे चुकलं तेही सांगितलं. पुढे तोच दौरा २००८ पर्यंत चालला आणि चांगला बसला. यातून तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की दौऱ्याचे पहिले आठ-दहा शो टाळा. बँड वर्षानुवर्षं वेगळा राहिलेला असतो, मंचावरच्या खुणा, शेवट कुठे करायचा, सोलो किती लांबवायचा हे अंगात परत मुरायला वेळ लागतो. आपल्या सुदैवाने भारतात हे लोक बहुतेक वेळा दौऱ्याच्या मध्यात येतात.

नावाने फसू नका, हेही सांगायलाच हवं. गन्स एन रोझेस डिसेंबर २०१२ मध्ये भारतात आले तेव्हा गाजलेल्या पाचजणांपैकी मंचावर एकटा गायक ॲक्सल रोझ होता. १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा ॲक्सल, गिटारवाला स्लॅश आणि बेसवाला डफ तिघे होते, ड्रमर नवा. पोस्टरवर नाव एकच, बँड दोन. ईगल्स १९८० मध्ये फुटले, १९९४ मध्ये परतले. त्यांचा गायक-गिटारवाला ग्लेन फ्राय जानेवारी २०१६ मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी त्याचा मुलगा डीकन आणि व्हिन्स गिल यांना घेऊन पुन्हा उभे राहिले. तिथे चार-पाच गळ्यांचं एकत्र गाणं हाच जीव असल्याने बदल पचला. तेव्हा प्रत्येक बँडबद्दल स्वतःला विचारा की त्याचा जीव कशात आहे: एका गळ्यात, एका गिटारच्या हातात, की जुळलेल्या आवाजांत. तो जीव मंचावर आहे का, एवढंच बघा. आपल्या इंडस क्रीडकडे बघा. रॉक मशीन म्हणून १९८४ मध्ये सुरू झाले, १९९७ मध्ये थांबले, २०१० मध्ये परत जमले तेव्हा बेस आणि ड्रम्सवर नवे, तरुण वादक घेतले आणि दोन वर्षांत नवीन गाण्यांचा अल्बम केला. परत येऊन नवीन गाणी लिहिणारा बँड आम्हाला नेहमीच जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यांची तालमीची खोली बंद नसते.

काही शो मात्र वरच्या कोणत्याही मोजमापात बसत नाहीत. जेनेसिसच्या २०२१-२२ च्या दौऱ्यात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रम्सवर त्याचा मुलगा निक होता. ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, आपल्याच गावी, चार गाण्यांसाठी एकत्र आले. गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला गेला. सूर कुठे कुठे कमी पडला, हो. पण कोणी काही लपवलं नाही. अशा शोला निरोप द्यायला जायचं, हिशेब करायला नाही, आणि ते आधी मनात ठरवून जायचं.

कोणत्या रात्रीचं तिकीट काढायचं, याला लोक महत्त्वच देत नाहीत. दौऱ्याच्या तारखा उघडून बसा. मुंबईत लागोपाठ दोन शो असतील तर पहिल्या रात्रीचं घ्या. त्याआधी एक-दोन दिवस मोकळे असतील तर सोन्याहून पिवळं. साठीच्या पुढचा गळा अडीच तास ताणल्यावर चोवीस तासांत पूर्ण भरत नाही. दुसऱ्या रात्री पहिली तीन-चार गाणी घशात अडकतात. मागच्या शोच्या गाण्यांचा क्रमही बघा. अवघड गाणं, मग हळू गाणं, मग लांब गिटार किंवा ड्रम सोलो, असा क्रम असेल तर मांडणी शहाण्याने केलीय, सोलो चालू असताना गायकाला विसावा मिळतो.

तिकिटाची कमाल रक्कम विक्री सुरू होण्याआधी कागदावर लिहा आणि ती ओलांडू नका. ओएसिसच्या पुनर्मीलनाची विक्री ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा साधारण १५० पौंडांचं उभं राहण्याचं तिकीट लोक रांगेत असतानाच ३५५ पौंडांवर गेलं होतं. भारतात कोल्डप्लेच्या वेळी मागणी बघून तिसरा शो जाहीर झाला. म्हणून पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लगेच काळ्या बाजाराकडे धावू नका. बाहेरून घेतलेलं तिकीट गेटवर चाललं नाही तर परतीचा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरचा आहे.

रस्त्याचं. खुल्या मैदानावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे मुंबईतले असे शो सहसा दहापर्यंत आटोपतात आणि रात्रीची गाडी पकडता येते. जळगाव-भुसावळकरांनी महानगरीसारखी मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडी बघावी, पण तिकीट दुसऱ्या तारखेचं काढावं. शनिवारचा शो असेल तर आरक्षण रविवारचं. इथे हमखास घोळ होतो आणि माणूस चोवीस तास आधीच्या गाडीचं तिकीट घेऊन स्टेशनवर उभा राहतो. आगाऊ आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, शोची तिकिटं त्याच्या कितीतरी आधी विकली जातात, म्हणून साठावा दिवस कॅलेंडरवर नोंदवून ठेवा. महालक्ष्मीला जायचं तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल धरा, फास्ट तिथे थांबत नाही. डी. वाय. पाटील स्टेडियमसाठी ठाण्याला उतरून नेरूळची लोकल सोपी पडते. नंदुरबारकरांना खान्देश एक्सप्रेस मुंबईत सोडते. ती रोज नसते, वार आधी जुळवा. धुळेकरांना आग्रा महामार्ग सरळ आहे, फक्त परतीला कसारा घाटात झोपाळलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नका. आणि मे महिन्यातला शो असेल तर आपण ४४ अंश सोसतो म्हणून बेफिकीर राहू नका. मुंबईचा घाम वाळत नाही, दुपारपासून रांगेत उभं राहायचं तर क्षारांचं पाणी पीत राहा.

उभं कुठे राहायचं? सगळ्यात महाग जागा मंचाला चिकटून असते आणि तिथेच आवाज सगळ्यात वाईट मिळतो: समोरचे मोठे स्पीकर डोक्यावरून जातात, बेस छातीत बसतो, गळा ऐकूच येत नाही. मैदानात मिक्सरचा मंडप असतो, मंचापासून साधारण तीस ते चाळीस मीटरवर. त्याच्या पुढे किंवा बाजूला उभे राहा, इंजिनिअर तिथेच बसून आवाज जुळवतो. फार मागे असाल तर मधल्या टॉवरवरच्या स्पीकरच्या पुढ्यात जा. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, शंभर मीटरवर तो जवळपास तीन दशांश सेकंद उशिरा पोचतो. टॉवरचा आवाज तेवढाच उशिरा सोडून हा फरक मिटवतात, पण तो मिटतो टॉवरच्या समोरच. बाजूला गेलात की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

कानांत बोळे घाला, हे हात जोडून सांगतो. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. शो अडीच तासांचा असतो. फोमचे बोळे स्वस्त असतात पण झांजांची धार खातात. संगीतासाठीचे सिलिकॉनचे घेतले तर सगळे सूर सारखेच कमी होतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला होता. बरोबर मुलं नेत असाल तर त्यांच्यासाठी कानावर बसणारे मफ घ्या.

शेवटी आपल्याच गावांतल्या आयोजकांना एक विनंती, कारण जुने ऑर्केस्ट्रे आणि कॉलेजचे बँड आपल्याकडेही गणपतीत, स्नेहसंमेलनात पुन्हा जमवले जातात. मोठ्या लाइटच्या बजेटमधून थोडे काढून दोन पूर्ण दिवसांची तालीम द्या, त्याच ड्रम्सवर आणि त्याच साउंडवर. गायकाला आधी विचारा की आज कोणत्या पट्टीत सोयीचं आहे, आणि ती गिटारवाल्याला महिनाभर आधी कळवा, म्हणजे तो तारा बदलून घेईल. कार्यक्रम पाऊण तासाचाच ठेवा. आणि ज्यांना मुंबईच्या एखाद्या बँडबद्दल शंका असेल त्यांनी मूळ गाणं आणि चालू दौऱ्यातले दोन शहरांतले व्हिडिओ आमच्यापैकी कोणाकडेही आणावेत. पट्टी आणि लय तपासून, जावं की नाही ते स्पष्ट सांगू.

आपले,
जळगाव, भुसावळ आणि धुळ्यात साउंड व वाद्यांचं काम करणारे आम्ही सगळे